नावजीबुवाची बुडी

मंगळवारी दुपारी नाथाजी मास्तर चौथीच्या वर्गाला कृष्णेला मिळणाऱ्या नद्या सांगत होता. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना. मुलं एका सुरात मागून म्हणत होती आणि त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेरच्या बाभळीकडं होतं. येरळा म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि दारात त्याचा चुलतभाऊ सिद्धू उभा दिसला. सिद्धू आत आला नाही. त्याच्या हातात हळद लावलेल्या फडक्यात बांधलेला एक नारळ होता. नाथाजीनं नारळाकडं पाहिलं. मुलं थांबली होती. पुढच्या नदीची वाट बघत होती. त्याला ती नदी आठवेना.

सांगलीपासून वर, पलूसच्या अंगाला, नदीच्या वळणावर वांगरी नावाचं गाव. तिथल्या भोयांचा संत म्हणजे नावजीबुवा. हा बुवा कधीकाळी होडी चालवायचा. एका मोठ्या पुरात सात दिवस त्यानं माणसं तारली आणि आठव्या दिवशी एक बुडालेलं पोर काढायला डोहात उडी घेतली. पोर मिळालं नाही. तो वर आला तेव्हा मुठीत तळाची रेती होती. ती रेती काठावर ठेवून तो तिच्याशेजारी बसला, तो पुन्हा उठलाच नाही. तिथंच त्याची समाधी. दर मार्गशीर्षात भोयांच्या पाच घरांपैकी एका घरातला पुरुष डोहात बुडी मारतो, तळाची मूठभर रेती आणून समाधीवर ठेवतो. मग पुढचं वर्षभर नदी कुणाला नेत नाही म्हणतात. औंदा पाळी आपल्या घराची आहे हे नाथाजीला श्रावणापासून माहीत होतं. पण पोलिसांनी काठावरच्या सगळ्या होड्या ओढून नेल्या होत्या, इंग्रज सरकारशी लढणारी, रानात लपलेली माणसं त्यांतून नदी ओलांडतात म्हणून. होड्या नाहीत तर उत्सव कुठला, असं त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते खरंच ठरून गेलं होतं.

"फौजदारानं एक होडी सोडलीया, एका दिसापुरती," सिद्धू व्हरांड्यात म्हणाला. "माझीच. तो सोता येणार हाय बसायला. परवा नाय, तेरवा. बुडी तुझी."

"तू हायस की घरातला."

"मी होडीवर." सिद्धूनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आन् दादा, त्या डोहात मला न्हाई जमायचं. तुला ठावं हाय."

नाथाजीला ठाऊक होतं. गावात ते दोघांनाच ठाऊक होतं. बुडीचा नारळ घेताना दोघांची बोटं एकमेकांना लागली आणि दोघांनीही ती पटकन काढून घेतली.

शाळा सुटल्यावर तो विश्रामबागेकडं चालत निघाला. आधी तो घाटाजवळ राहायचा. एका खोलीत, पहाटे नदीचा वास यायचा अशा ठिकाणी. श्रावण संपता संपता त्यानं ती खोली सोडली आणि इकडं माळावर बिऱ्हाड हलवलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, हवा कोरडी आहे. बायकोला, अंजनाला, काहीच सांगितलं नाही. ती आडाचं पाणी शेंदताना कुरकुरायची, भोयाच्या घरात दिली आणि नदी दिसायची बंद झाली म्हणायची. त्याला नदी दिसायला नको होती. नदीचं पाणी आहे असं कळलं तर हॉटेलात चहासुद्धा त्याला घशाखाली उतरवता येत नसे. प्यायला उचललेल्या तांब्यात आपला चेहरा हलताना दिसला की तो तांब्या खाली ठेवायचा आणि डोळे मिटून प्यायचा. चार महिने असे काढले होते. वर्गात, रस्त्यात, रेशनच्या रांगेत त्याला वाटायचं, मागून कुणीतरी ओल्या पायानं येतंय. तो वळायचा नाही. वळून पाहिलं तर रस्ता कोरडा असेल आणि तरीही आवाज थांबणार नाही, याचीच त्याला जास्त भीती होती.

त्या भीतीची सुरुवात कुठं झाली हे त्याला नेमकं ठाऊक होतं. आषाढातला सांगलीच्या बाजाराचा दिवस. अंगात शाळेचा काळा कोट. पोलीस चौकीच्या गेटाजवळून जाताना त्यानं कोंडीबाला पाहिलं. कोंडीबा त्याच्याच भोईवाड्यातला, त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. नाथाजी सहा वर्षांचा असताना याच कोंडीबानं त्याला कंबरेला धरून डोहात नेलं होतं, श्वास कसा धरायचा ते शिकवलं होतं. आता तो गेटाजवळ उभा होता, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, मुंडासं हातात. फौजदाराचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि फौजदार हसत होता. कोंडीबाही हसत होता. नाथाजी चटकन कापडाच्या दुकानाकडं वळला आणि नको असलेलं खादीचं ठाण बोटांनी चाचपत राहिला. तेव्हा त्याच्या मनात संशय वगैरे काही नव्हता. एवढंच होतं की अनवाणी कोंडीदादा भर बाजारात "ए नाथ्या" म्हणून हाक मारेल आणि दुकानदार, जो आपल्याला मास्तर म्हणतो, तो ऐकेल.

नागपंचमीला तो गावी गेला. पूर चढत होता. तिन्हीसांजेला दोन माणसं घरी आली, तोंडाला पंचे गुंडाळलेली. आई चुलीपुढं होती ती मागल्या दारानं बाहेर गेली. रानात राहून सरकारशी लढणाऱ्यांतली ही माणसं असतील एवढं त्याला समजलं. नावं त्यांनी सांगितली नाहीत, त्यानं विचारली नाहीत. त्यातला उंच होता तो अदबीनं बोलला. "मास्तर, तुम्ही शिकलेले, सांगलीत राहता. आमची दोन पोरं या काठाला धरली गेली. कुणीतरी बातमी दिली. तुमच्या कोंडीबाला फौजदाराशी बोलताना कधी पाहिलंत?" नाथाजीला त्या क्षणी काय वाटलं होतं ते पुढं तो रोज आठवून बघायचा. भीती वाटली होती. पण तिच्याखाली एक ऊबही होती. देशासाठी घरदार सोडलेली माणसं आपल्याला विचारताहेत. आपला शब्द लागतोय. "पाहिलं," तो म्हणाला. "खांद्यावर हात टाकून हसत होते." एवढंच. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

होडी सिद्धूची होती, सरकारच्या हाती न लागलेली, उसात लपवलेली. ते कोंडीबाला पलीकडं न्यायचं म्हणत होते, विचारायचं, खरं-खोटं करायचं. जिवाचं काही करायचं नव्हतं, असं सिद्धू अजून म्हणतो. सकाळी उजाडताना सिद्धू परत आला, नाथाजीच्या अंगणात उकिडवा बसला आणि दात वाजवत सांगू लागला. डोहाच्या वर भोवऱ्यात होडी फिरली, आडवी झाली. ते दोघं पोहून पलीकडं लागले. सिद्धू वाहत वाहत खाली लागला. "त्येचं हात बांधल्यालं हुतं, दादा," तो म्हणाला. "मागं. मी म्हणलं हुतं सोडा म्हणून. सोडलं न्हाईत." मग त्यानं नाथाजीकडं असं पाहिलं, जणू आता पुढचं काहीतरी मास्तर सांगेल. मास्तरनं सांगितलं, कुणाला बोलू नकोस. खाली वाहत गेलेली होडी शोधून सरकारात जमा कर, म्हणजे संशय नको. गावात आपोआपच उठलं की कोंडीबा पलटणीत भरती झाला. वांगरीची कितीतरी माणसं तशी न सांगता गेली होती, लढाई चालू होती, कुणी आफ्रिकेत कुणी बर्मात. कोंडीबाची बायको हरणाबाई कुंकू लावून वाट बघत राहिली.

तीन दिवस अंजना त्याला विचारत होती, तुम्हाला बरं नाही का. "कळवून टाका ताप आलाय," ती म्हणाली. "भाकरीचं पापुद्रं काढताय नुसतं. कसं मारणार बुडी?" तो तिला सांगू शकला असता. ती हळदीची बोटं पदराला पुसत त्याच्याकडं बघत होती, तिला खरंच ऐकायचं होतं. पण सांगितलं की आणखी एका तोंडात ते राहणार. आणि डोहाच्या तळाशी काय आहे याचा जो विचार त्याच्या डोक्यात रात्रंदिवस फिरत होता, तो तिला दिला तर ती पुन्हा त्याच्या ताटात वाढेल का, असंही त्याला वाटलं. डोहाला तळाशी खडकाची कपार आहे. लहानपणी कोंडीबानं ती हातानं चाचपायला लावली होती. पुराचं पाणी कपारीत जे घालतं ते सोडत नाही, अशी भोयांची समजूत. कपारीजवळच रेती. रेती आणायची तर हात तिथंच घालायचा. ताप कळवला तर घराची बुडी चुकली म्हणून चर्चा होणार, का चुकली म्हणून विचारणार, आणि सिद्धू किती दिवस गप्प बसेल. न जाण्याची भीती जाण्याच्या भीतीइतकीच होती. मग तो गेला.

मिरजेहून गाडीनं भिलवडी स्टेशन, तिथून चालत. शाळू पोटरीला आला होता. गाव जवळ आलं तसा ढोल ऐकू यायला लागला आणि त्याचे पाय आपोआप त्या ठेक्यावर पडू लागले, याची त्याला चीड आली. समाधीभोवती सगळी जाळी आणून ठेवली होती, त्यांवर हळद शिंपडलेली. उत्सवाच्या या पाच दिवसांत भोई मासा मारत नाहीत. बायकांनी पायऱ्या शेणानं सारवल्या होत्या. समाधीच्या कडेला लिंबाखाली खुर्ची टाकली होती आणि फौजदार तीत बसला होता. पन्नाशीचा, जाडसर, सर्दी झालेला माणूस. रुमालानं नाक पुसत होता. दोन शिपाई मागं. नाथाजीनं त्याला नमस्कार केला तेव्हा तो म्हणाला, "तुम्हीच का ते मास्तर? थंडीत बुडी मारायची म्हणजे कमाल आहे बुवा." त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. नाथाजी त्या काहीच नसण्यातही काहीतरी शोधत राहिला. याला माहीत आहे. याला माहीत नाही. माहीत असून गंमत बघायला आलाय.

गेल्या साली ज्या घराची बुडी, त्या घरानं औंदाच्या माणसाला लंगोट द्यायचा, तो वर आला की त्याला घोंगडीत गुंडाळायचं, असा रिवाज. गेल्या साली कोंडीबानं बुडी मारली होती. हे नाथाजी विसरला नव्हता. त्यानं ते फक्त मनाच्या अशा कोपऱ्यात ठेवलं होतं, जिथं तो जात नसे. आता हरणाबाई समोर उभी होती, उंच, हाडकुळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या दोन्ही हातांत लाल लंगोट होता.

"मालक असतं तर त्येंनी दिला असता," ती म्हणाली. "घ्या, भावजी."

त्यानं घेतला. तिची नजर त्याच्या तोंडावरून हलली नाही. भोयांतला सगळ्यात वडील अर्जुना म्हातारा पालखीजवळून ओरडला, चला, ऊन डोक्यावर येतंय. पालखी होडीत चढली. सिद्धूनं वल्हं पाण्यात घातलं. होडी डोहाच्या मध्यावर जाईपर्यंत दोघं भाऊ एकमेकांच्या पायांकडं बघत होते. काठावर गाव, लिंबाखाली फौजदार, पायरीवर हरणाबाई. पाणी हिरवंगार, इतकं स्वच्छ की होडीची सावली खाली खाली जाताना दिसत होती आणि मग दिसत नव्हती. होडी वळव असं सिद्धूला सांगावंसं नाथाजीला वाटलं. लोकांना काय वाटेल, एवढ्याच विचारानं त्यानं ते टाळलं. सिद्धू ओठ न हलवता म्हणाला, "कपारीकडं जाऊ नगंस. डाव्या अंगाला रेती हाय." अर्जुनानं नाव घेतलं, नावजीबुवा, काठानं ते उचललं, आणि नाथाजी उभ्याउभ्या पाण्यात शिरला.

थंडीनं छाती आवळली. कानात एकदम कुणीतरी बोळे घातल्यासारखं झालं, ढोल थांबला. तीन पुरुष खोल. हात मारत तो उतरत गेला आणि उजेड हिरव्याचा काळा होत गेला. शरीराला सगळं आठवत होतं, हेच भयंकर होतं. पाय आपोआप जुळले, बोटं आपोआप पसरली, आणि हे ज्यानं शिकवलं त्याचा हात कंबरेला आहे असं त्याला स्पष्ट, अगदी स्पष्ट जाणवलं. तो हात धरत नव्हता, ढकलतही नव्हता. नुसता होता. डावीकडं जायचं होतं. डावं कुठलं ते त्याला कळेना. पुढं केलेला हात खडकाला लागला, खडक संपला आणि आत पोकळी होती. त्याच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. लांबट, गुळगुळीत, हलणारं. तोंडातून सगळी हवा निघून गेली, बुडबुडे चेहऱ्यावरून वर पळाले. त्याला हात मागं घेता आला असता. पण हात मागं घेऊन वर गेलो तर आयुष्यभर हे बोटांना लागत राहील, एवढं त्या काळोखात त्याला कळलं, आणि त्यानं ते घट्ट धरलं आणि ओढलं. ते सहज आलं. झाडाची मुळी होती, पुरानं आणून कोंबलेली, कुजून सालपट सुटलेली. मागं आणखी फांद्या, चिखल. त्यानं वेड्यासारखी सगळी कपार चाचपली. तिथं कुणी नव्हतं. पुराचं पाणी त्याला केव्हाच पुढं घेऊन गेलं होतं, कुठल्या तरी गावाच्या काठाला, नाहीतर कुठंच नाही. त्यानं तळाला मूठ मारली आणि पाय झाडले.

वर आल्यावर त्याला वाटलं होतं आता मोकळं वाटेल. लोक नाव घेत होते, ढोल कडाडत होता, रेती त्याच्या मुठीतून समाधीवर पडली, बायकांनी ती कपाळाला लावली. पण तळाशी कुणी नव्हतं म्हणून काय झालं होतं? तो चार महिने कपारीतल्या कोंडीबाला भीत होता. आता तो कपारीतही नव्हता. हरणाबाईनं त्याला समाधीच्या मागच्या बाजूला नेलं, भिंतीच्या आडोशाला, आणि घोंगडी त्याच्या खांद्यांवर टाकली. तो थडथडत होता. हरणाबाई ती घोंगडी पुढून आवळून धरून उभी राहिली.

"काय दिसलं?" ती म्हणाली.

"काय न्हाई. रेती."

"दुसरं?"

त्यानं मान हलवली. मग त्याला कळलं की ती काय विचारते आहे. या पायरीवर ती चार महिने रोज बसत असली पाहिजे.

"वैनी," तो म्हणाला, "कोंडीदादा पलटणीत न्हाई."

"त्ये मला ठावं हाय. पलटणीतला माणूस चार महिन्यांत एक तरी कार्ड धाडतो." तिचा आवाज चढला नाही. "ज्येला इचारावं त्यो खाली बघतो. सिद्धू तर मी दिसलं की वाट बदलतो. तुमी शिकल्यालं. तुमी सांगा."

त्यानं सांगितलं. वाक्यं तुटत होती, दात आपटत होते, पण त्यानं काही वगळलं नाही. पंचे गुंडाळलेली दोन माणसं, त्यांचा प्रश्न, आपलं उत्तर, सिद्धूची होडी, भोवरा, मागं बांधलेले हात. ती ऐकत होती आणि घोंगडीची टोकं मुठीत पिळत होती, इतकी की ती त्याच्या गळ्याला लागायला लागली. तिनं आणखी पिळावी असं त्याला वाटलं.

"तुमी काय बघितलं हुतं?" शेवटी ती म्हणाली.

"फौजदार त्येच्या खांद्यावर हात टाकून हसत हुता."

"का हसला सांगू? मालकानं सांगितलं मला घरी आल्यावर. मालक त्येला म्हणलं, सायेब, होडी न्हेलीसा, आता मी पाण्यावरनं चालत जाऊ का. तवा हसला त्यो. म्हणला, अर्ज लिवून आण, होडी घिऊन जा. म्हणून तुमच्याकडं आलं हुतं. दुसरं कोण हाय आमचं लिवणारं? साळंम्होरं वडाखाली बसलं, पोरं सुटूस्तवर. म्हणलं, नाथा कामात असंल, दुसऱ्या दारानं गेला वाटतं. पुन्यांदा जाईन म्हणलं."

नाथाजीला ती दुपार आठवत होती. वडाखाली मुंडासं मांडीवर ठेवून बसलेला माणूस खिडकीतून दिसला होता. मुलं सुटल्यावर त्यानं छत्री घेतली होती आणि मुतारीकडच्या दारानं तो बाहेर पडला होता. आपण असं का गेलो हे त्यानं स्वतःलासुद्धा कधी विचारलं नव्हतं.

"मेलं न्हवं?" हरणाबाई म्हणाली. "एकदा तोंडानं म्हणा. कुणी म्हणलंच न्हाई मला."

"मेला, वैनी."

तिनं घोंगडी सोडली. मग भिंतीला वळसा घालून सगळ्यांच्या देखत ती पायऱ्या उतरली, घोटाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळ घेतली आणि कपाळ धुतलं. एकदा, मग पुन्हा. लाल पाणी नाकावरून ओघळलं. ढोलवाल्याचा हात थांबला. बायका उठल्या. अर्जुना म्हातारा काठी टेकत पुढं आला. "हरणे, ऐन उत्सवात काय केलंस ह्ये?"

"मालक गेलं, मामंजी."

"कुणी सांगितलं?"

पाण्याकडं तोंड करून ती बांगड्या एकेक करून काढू लागली. ती आपल्याला वाचवत नाहीये, हे नाथाजीला समजलं. ती फक्त त्याची जागा त्याला मोकळी ठेवत होती. लिंबाखालच्या खुर्चीतून फौजदार मान उंचावून बघत होता. होडीत सिद्धू वल्हं छातीशी धरून उभा होता. "मी सांगितलं, आजा," नाथाजी म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

फौजदार उठून आला. "काय, झालं काय? कोण गेलं?"

"कोंडीबा भोई, साहेब. आषाढात तुमच्याकडं आला होता. होडी सोडवायला. गेटापाशी तुम्ही त्याच्याशी बोलत होता."

फौजदार आठवायला लागला. मनापासून आठवायला लागला, कपाळाला आठ्या घालून. नाथाजी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. एक खूण, एक हलकीशी ओळख दिसावी, म्हणजे निदान त्या हाताला, त्या हसण्याला काहीतरी वजन होतं असं होईल. "कोण कोंडीबा?" फौजदार म्हणाला. "होड्या आणल्यात चौदा. रोज कुणीतरी येतंच. कसा गेला?"

"पुरात."

"मग कळवायला नको होय? मास्तर माणूस तुम्ही." त्यानं शिंक आवरली, शिपायाकडून कागद आणि टाक-दौत मागवली. "घ्या, लिहा. बाईच्या नावानं लिहा, मयताची खबर आणि होडीचा अर्ज, एकातच. अंगठा घ्या. होडी घेऊन जाऊ दे तिला, सडतीय ती तिथं पावसापासून."

समाधीच्या कट्ट्यावर कागद पसरून नाथाजी लिहायला बसला. ओल्या केसांतून थेंब पडू नये म्हणून त्यानं मान मागं धरली होती. अक्षर नेहमीसारखं आलं, गोल, वर्गातल्या फळ्यावरचं. अर्जदार हरणाबाई, भर्ता कोंडीबा भोई, राहणार वांगरी. पाच ओळींत सगळं मावलं. हरणाबाई शेजारी येऊन बसली होती, हात उघडे, कपाळ उघडं. "वाचा," ती म्हणाली. त्यानं हळू आवाजात वाचलं. श्रावणमासी पुराचे पाण्यात बुडून मयत झाले, येथपर्यंत आल्यावर तिनं कागदावर बोट ठेवलं.

"हात बांधल्यालं लिवलं न्हाई," ती म्हणाली. त्याच्यापुरतंच.

फौजदार चार हातांवर पाठ करून उभा होता, प्रसादाच्या द्रोणातले शेंगदाणे निवडून खात होता. हे लिहिलं की काय होणार ते नाथाजीला एकदम, एकाच वेळी दिसलं. शाळा जाणार. तुरुंग, सिद्धूलाही. रानातली ती माणसं बाहेर राहिली तर एखाद्या तिन्हीसांजेला विश्रामबागेच्या खोलीशी येणार, आणि अंजना दार उघडणार. आणि नाही लिहिलं तर काहीच होणार नव्हतं. होडी घरी येणार होती, उत्सव पार पडणार होता, हरणाबाई अंगठा उठवून गप्प घरी जाणार होती. त्यानं होडीकडं पाहिलं. सिद्धू खाली उतरला होता. तो पायऱ्या चढून आला, कट्ट्यापाशी उकिडवा बसला. वाचता येत नव्हतं तरी कागदाकडं बघत राहिला.

"लिव, दादा," तो म्हणाला. "मला आता सोसत न्हाई."

नाथाजीनं शेवटच्या ओळीवर रेघ मारली. टाकाचं टोक कागदात अडकलं, शाईचा एक थेंब सांडला. कुणी विचारलं, कुणी सांगितलं, कुणी बांधलं, कुणी वल्हं मारलं, हे आता क्रमानं लिहायचं होतं. त्या दोघांची नावं त्याला ठाऊक नव्हती, तशी त्यानं नोंद केली. फौजदाराची पावलं कट्ट्याकडं वळल्याचं त्यानं ऐकलं आणि डाव्या हातानं कागद कट्ट्यावर दाबून धरला. तसं धरून, मुलांना शिकवतात तसं एकेक अक्षर सुटं काढत, पहिलं नाव त्यानं स्वतःचं लिहिलं.